काट्याला आधी कळलं, मला नंतर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या थकव्यावर लेख आला होता. दुपारी अर्धा तास पाय उंच करून पडावं, रात्री लवकर झोपावं, घरच्यांची मदत घ्यावी, मन प्रसन्न ठेवावं. चुकीचं त्यात काहीच नव्हतं. माझ्या सुनेनं तो मला वाचून दाखवला आणि विचारलं, "आत्याबाई, पाय उंच कायच्यावर ठेवाचे? पऱ्हाटीवर?" पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. आम्ही दोघी हसलो. पण रात्री मला झोप लागेना, म्हणून हे पत्र.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातली. वय बावन्न, शिक्षण नववी. दोन एकर कोरडवाहू वावर आहे. त्यावर भागत नाही, म्हणून गेली अकरा वर्षं मी बायांची टोळी घेऊन निंदायला, सोयाबीन सोंगायला आणि दिवाळीपासून कापूस वेचायला जाते. टोळीत सतरा-अठरा जणी. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, वजनाचा काटा लागतो, प्रत्येकीचं गाठोडं मोजलं जातं आणि कुणाचे किती किलो ते मी वहीत लिहिते. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची वही. दर हंगामाला नवी. जुन्या वह्या मी रद्दीत घालत नाही, कारण पैशाचा वाद दोन वर्षांनीही उकरून निघतो.

सून गेल्या वर्षी घरात आली. बारावी झालेली, हाताची चपळ. यंदा दिवाळीनंतर वेचणी जोरात आली तेव्हाचे तिचे आकडे वहीत आहेत: ४३, ४१, ४४, ४२. मग डिसेंबर लागला आणि ३६, ३१, २७, २२. एके दिवशी १९.

आमच्याकडे यंदा वेचाईचा भाव किलोमागे दहा रुपये होता. म्हणजे ज्या हातानं चारशे वीस रुपये घरी यायचे त्याच हातानं एकशे नव्वद. शेतमालक काट्याजवळच उभा होता. मी सगळ्या बायांसमोर म्हटलं, "काऊन वं, रातभर मोबाईल पायते काय?" ती काही बोलली नाही. रिकामं झालेलं फडकं तिनं झटकलं, घडी केली आणि बैलबंडीकडे चालू लागली. मी वहीत १९ लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ ओढली. रेघ ओढायची काही गरज नव्हती. टोळीवालीचीच सून कामचुकार, असं कुणी म्हणायच्या आत मीच म्हणून मोकळी झाले, एवढाच त्या रेघेचा अर्थ.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी आम्ही जेवायला बाभळीखाली बसलो. ती थोडी पलीकडे, धुऱ्याला टेकून. मी पाणी द्यायला गेले तर बसल्या बसल्या झोपलेली. डुलकी लागली की मान खाली येते, तशी नव्हे. मेलेल्या माणसासारखी झोप. एका हातात भाकरीचा कोर, त्यावर ठेचा, आणि कोरावर काळ्या मुंग्यांची रांग चढून राहिली होती. तिच्या बोटांवरून, अंगठीवरून, मनगटापर्यंत. मुंग्या चावत होत्या की नाही कोण जाणे, तिला पत्ताच नव्हता. कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली, चार-पाच किलो भरलेली, बरोबर ओटीपोटावर. तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी दोन लेकरांची माय. मला हे दीड महिना कळलं नाही. काट्याला कळलं होतं, रोज संध्याकाळी तो सांगत होता, आणि मी ते स्वतःच्या अक्षरात लिहून घेत होते.

मुंग्या झटकून तिला उठवलं तर पहिलं वाक्य, "आत्याबाई, आता उठतो, फक्त डोळा लागला." मी विचारलं, किती दिवस झाले? तिनं बोटं मोजली. आठवा आठवडा. आशाताईकडून पट्टी आणून घरातच तपासलं होतं. नवऱ्याला माहीत होतं आणि तिच्या माहेरी माहीत होतं. तिच्या मायनं बजावलं होतं, तीन महिने भरेपर्यंत सासरी तोंडातून शब्द काढू नको, दृष्ट लागते. मी तिच्या मायला दोष देत नाही. माझ्या लेकीला मी अगदी हेच सांगितलं होतं.

आता हे पत्र लिहायचं मूळ कारण सांगते. आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात जी पहिली ओटी भरतात तिचं नावच चोरओटी. चार बायांत, दार लोटून, गाजावाजा न करता. मोठ्या थाटाचं डोहाळजेवण सातव्यात. म्हणजे बाईच्या अंगात उभं राहायचं त्राण नसतं, ते तीन महिने चोरीचे. आणि चौथ्या-पाचव्यात अंगात जरा तरतरी येते, तेव्हा सगळे म्हणतात, बाई बस, बाई जड उचलू नको. मी चोरओटीच्या विरुद्ध नाही. दृष्टीचंही सोडा, पहिल्या तीन महिन्यांत गर्भ टिकला नाही तर गावभर सांगत फिरायची पाळी येऊ नये, हा त्यात शहाणपणा आहे. पण लपवायचं गावापासून. ज्यांच्यासोबत बाई दहा तास वावरात राबते आणि ज्यांच्या चुलीवर स्वयंपाक करते त्यांच्यापासून लपवलं, की तिचा थकवा हा आळसच ठरतो. दुसरं काय ठरणार? कारण तर कुणाला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन उपकेंद्रात गेले. तिथली सिस्टर तरुण आहे, पण समजावून सांगते. मी तिला सरळ विचारलं, पोट दिसत नाही, बाळ बोटाच्या पेराएवढंही नाही, मग ही एवढी गळून कशानं जाते? ती म्हणाली, बाळ लहान आहे पण त्याला पोसणारी वार तयार होऊन राहिली आहे, आणि ती तयार व्हायला पहिले बारा आठवडे अंगातली सगळी शक्ती तिकडे ओढली जाते. दुसरं, प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक या दिवसांत भराभर वाढतं. गर्भ धरून ठेवायचं काम त्याचं, पण त्यानं गुंगी येते, झोपेची गोळी घेतल्यासारखी. शिरा सैल पडतात, रक्तदाब उतरतो, चटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. शिवाय अंगातलं रक्त वाढायला लागतं. दिवस भरेपर्यंत ते जवळपास दीडपट होतं, पण आधी वाढतो तो त्यातला पाण्याचा भाग, लाल पेशी मागून येतात, म्हणून रक्त पातळ पडतं. हृदयाला जास्तीचं काम. रात्री चार वेळा लघवीला उठायचं ते वेगळंच, आणि आमचा संडास अंगणाच्या टोकाला.

मला त्यातलं वारेचं बोलणं लागलं. वार मी पाहिली आहे. माझ्या दोन्ही वेळची, जावेची. घरामागे खड्डा करून पुरली आहे. पण ती कुणीतरी आधी घडवावी लागते, तीही भाकरी भाजता भाजता आणि कापूस वेचता वेचता, हे बावन्न वर्षांत डोक्यात आलं नव्हतं.

सुनेचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.१ निघालं. गर्भवतीचं ११ च्या खाली गेलं की कमी धरतात. पण सिस्टर म्हणाली, सगळा दोष रक्ताला देऊ नका, रक्त १२ असतं तरी या महिन्यांत तिला असंच वाटलं असतं, फक्त थोडं कमी. हे मला पटलं, कारण गावातल्या शाळेच्या मॅडमचं रक्त चांगलं होतं आणि त्यासुद्धा मधल्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवून झोपायच्या, असं त्यांनीच सांगितलं. तरी रक्ताची गोष्ट लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. म्हणजे माझ्या सुनेसारख्या निम्म्याहून जास्त. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तिची ती तपासणी केली, पोराचीही करून घेतली. दोघांचंही चांगलं निघालं. नवऱ्याची कशाला, असं पोरगा कुरकुरला. त्याला सांगितलं, दोघंही वाहक निघाले तर लेकराला सिकलसेल होऊ शकतो, चूप बस. ज्यांना हा आजार आहे त्यांनी लोहाच्या गोळ्यासुद्धा डॉक्टरला विचारूनच घ्यायच्या, हेही तिथं कळलं.

तिथून येताना बंडीत बसून मी हिशेब मांडत होते. हिशेब माझ्या अंगातच आहे. सरकारी लाल गोळी, लोह आणि फॉलिक अॅसिडची, ती चौथ्या महिन्यापासून १८० दिवस. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टर तपासतात ती प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी, तीही चौथ्या महिन्यापासून. पगारदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची रजा झाली, चांगलंच झालं, पण त्यातली बाळंतपणाच्या आधी फार तर आठ आठवडे घेता येते. म्हणजे शेवटचे दोन महिने. पहिल्या तीन महिन्यांत मॅडमलाही टेबलच. आणि वावरातल्या बाईला रजा कसली, तिचा मालक रोज बदलतो. पहिल्या तीन महिन्यांत बाईच्या वाट्याला येते ती फॉलिक अॅसिडची एक गोळी आणि बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा हा निरोप. तो निरोप पाळायचा तर सांगावं लागतं, आणि सांगायचं नाही असं घरचं म्हणणं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या लेकराला दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात, नोंदणी आणि तपासणी झाल्यावर ३,००० आणि बाळ झाल्यावर, लसी झाल्यावर २,०००. ते घ्यावेतच, मी नाही म्हणत नाही. पण वहीतला आकडा असा आहे: रोजचे बावीस किलो कमी म्हणजे २२० रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ५,५००. एका महिन्यातच अख्खी योजना फिटली.

मी काही डॉक्टर नाही, आम्ही घरी काय केलं तेवढंच सांगते. सकाळी खाटेवरून उठायच्या आधी मूठभर फुटाणे किंवा मुरमुरे खायचे. उपाशीपोटी उठली की तिला मळमळायचं, आणि मळमळलं की खायचं नाही, आणि खाल्लं नाही की पाय गळायचे, असं ते चक्र होतं. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच वेळा थोडं थोडं: भाकर आणि वरण, शेंगदाणे-गूळ, अंबाडीची भाजी, मिळेल तेव्हा अंडं. जेवणासोबतचा चहा मी बंद केला. चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, लिंबानं लागतं, म्हणून ताटात लिंबाची फोड. चहा बंद करण्यावरून आमच्या घरात जेवढा तमाशा झाला तेवढा कापसाच्या भावावरून झाला नसेल. शेवटी जेवणानंतर तासाभरानं एक कप यावर मिटलं. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेतानं, म्हणजे रात्रीचे हेलपाटे दोन तरी कमी होतात. दिवे लागले की आठ वाजता झोप. भांडी मी, नळाचं पाणी पोरगा. गावच्या नळावर डोक्यावर गुंड घेतलेला माझा पोरगा पाहून लोक हसले. एक आठवडा हसले, मग कंटाळले.

पंधरा दिवस तिला वावरात नेलंच नाही. मग न्यायला लागले ते उशिरा, दहिवर वाळल्यावर, आणि दुपारपर्यंतच. ओटी पोटावर न बांधता खांद्यावरून झोळी घ्यायची, दोन-अडीच किलो झाले की रिकामी करायची. तिला मी सांगितलं, वीस झाले तर वीस, कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

माझ्या सासूच्या काळी हे नव्हतं. जास्त झोपलीस तर बाळ वरच्या वर राहील, जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होऊन अडेल, असं त्या म्हणायच्या. १९९३ च्या पावसाळ्यात थोरल्याच्या वेळी मी गोठ्यात कुटाराच्या ढिगावर लपून झोपत होते. म्हैस रवंथ करायची, तिच्या आवाजावर झोप लागायची. सासूनं एकदा पकडलं आणि आठ दिवस घरात तेच बोलणं. मी ते विसरले नव्हते. पण सासू झाल्यावर आठवलं नाही, याला काय म्हणावं?

एवढ्यावर पत्र संपलं असतं. पण जानेवारीत टोळीतली दुसरी एक माझ्याकडे आली. काटा उरकल्यावर मागे राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मलेबी दिवस गेले." तिला सांगायचा धीर झाला, कारण माझं सुनेवरचं ओरडणं बंद झालेलं तिनं पाहिलं होतं. तिचा नवरा नागपूरकडे मजुरीला, घरी तीन वर्षांचं लेकरू. तिला दुपारपर्यंत काम करून भागणार नव्हतं. मी शेतमालकाला म्हटलं, हिला बसून काम द्या, कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि पाला निवडू द्या, अर्धी मजुरी द्या. तो म्हणाला, "वेचनारीले पैसे, बसनारीले कायचे?" त्याच्या जागी तो खोटा नव्हता, भाव त्यालाही कुठं धड मिळाला? मग मी बायांना विचारलं, प्रत्येकीनं रोज आपल्या वजनातला अर्धा किलो हिच्या नावावर लिहू द्याल काय? माझ्या स्वतःच्या सुनेसाठी मी हे कधीच मागितलं नसतं. पंधरा जणी हो म्हणाल्या. साडेसात किलो, पंच्याहत्तर रुपये रोज. तिची स्वतःची वेचाई धरून तिचं घर चाललं. पाच आठवडे हे चाललं, मग तिलाच बरं वाटायला लागलं आणि तिनंच नको म्हटलं.

एक जण मात्र नाही म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली, "माह्या वक्ती कोणं देल्लं होतं?"

तेव्हा मला तिचा राग आला. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. चार वर्षांपूर्वीच्या वहीत तिचं नाव सापडलं: ४५, ४३, ४४. मग २६, २४, २१. त्या ओळीपुढे माझ्या अक्षरात 'काम ढिलं'. मग अकरा दिवस कोरे. मग पुन्हा ४०. त्या अकरा दिवसांत काय झालं ते मला तेव्हाच कळलं होतं, शेजारणीनं कानात सांगितलं होतं. मी "होतं असं" म्हटलं आणि ती परत आल्यावर चाळिसाचा आकडा पाहून खूश झाले. सिस्टरला मी हे नाव न घेता विचारलं. ती म्हणाली, सुरुवातीला पडणारे बरेचसे गर्भ गुणसूत्रांतल्या दोषामुळे मुळातच नीट धरलेले नसतात, कुणी वाकलं म्हणून किंवा वेचलं म्हणून ते पडत नाहीत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते खरं असेल. पण 'काम ढिलं' हे मी लिहिलं होतं, ते गुणसूत्रांनी लिहिलं नव्हतं.

त्या बाईशी मी अजून बोललेली नाही. तुम्हाला पत्र लिहिणं त्यापेक्षा सोपं आहे.

थकवा कधी थकवा नसतो, तेही तुमच्या लेखात पाहिजे होतं. सिस्टरनं सुनेला कार्डावर खुणा करून दिल्या त्या अशा: चक्कर येऊन पडली, बसल्या जागी दम लागला किंवा छाती धडधडायला लागली, प्यालेलं पाणीसुद्धा पोटात टिकेना आणि लघवी कमी झाली, अंगावरून रक्त गेलं, पोटात एका बाजूला जोराची कळ आली, तर पडून राहायचं नाही, दवाखाना गाठायचा. गर्भवतीसाठी १०२ आणि तातडीला १०८ या गाड्या फुकट येतात. आणि पंधरा-पंधरा दिवस नुसतं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही सांगायचं, त्याला नाटक म्हणायचं नाही. ही शेवटची खूण सिस्टरनं माझ्याकडे पाहून सांगितली, सुनेकडे नाही.

तुम्हाला माझी विनंती अशी. असले लेख फेब्रुवारीत छापू नका, तेव्हा वेचणी संपत आलेली असते. दिवाळीच्या आसपास छापा आणि पुन्हा निंदणाच्या दिवसांत, आषाढात. आणि महिलांच्या पुरवणीत नको. ती आमच्या गावात फक्त बाया वाचतात, त्याही वाचता येणाऱ्या. कापसाचे भाव छापता त्या पानावर छापा. ते पान माझा नवरा, पोरगा आणि तो शेतमालक तिघंही न चुकता वाचतात. टोळीवाल्या बाया आणि मुकादम यांच्यासाठी दोनच ओळी लिहिल्या तरी चालतील: एखादीचे किलो अचानक निम्म्यावर आले तर ओरडण्याआधी तिला बाजूला घेऊन विचारा, पण चारचौघांत विचारू नका.

संक्रांतीनंतर, तेरावा-चौदावा आठवडा लागला तसा सुनेच्या अंगात जीव यायला लागला. एकदम नाही, एका सकाळी ती माझ्याआधी उठून चूल पेटवत होती, तेव्हा कळलं. आता पाचवा चालू आहे. शेवटच्या महिन्यांत पुन्हा थकवा येईल म्हणतात, पण तेव्हा पोट दिसत असेल, तेव्हा गाव आपोआप समजूतदार होतं. सध्या ती फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या कापसाच्या, वावरात काट्याजवळ बसून वही लिहिते. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. १९ खालची रेघ तिनं पाहिली आहे. खोडू काय, असं मी विचारलं तर म्हणाली, राहू द्या, हिशेबाच्या वहीत खाडाखोड बरी नाही.

पत्र पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं. एका जागी तिनं माझं शुद्धलेखन सुधारलं आणि म्हणाली, चोरओटी झाली आहे, आता छापलं तरी चालते. माझं आणि गावाचं नाव मात्र देऊ नका. ती नाही म्हणालेली बाई तुमचाच पेपर घेते.

आपली,
एक टोळीवाली
(ता. घाटंजी, जि. यवतमाळ)